शेलार डॉक्टरांचा हात

"मॅडम, एक पोट पाठवतुया."

शेलार डॉक्टरांचा फोन असाच सुरू व्हायचा. ना नमस्कार, ना चमत्कार. मग त्या पोटाच्या मालकाचं नाव, गाव आणि लगेच मुद्दा. "डावीकडं प्लीहा बरगडीखाली दोन बोटं लागतीय. कडा बोथट हाय. मोजा आन् सांगा मला." फोन बंद. थोड्या वेळानं घोटावड्याहून कुणीतरी मोटारसायकलवर मागं बसून माझ्या मारुंजीच्या सोनोग्राफी सेंटरवर पोचायचं, जिना चढून बाकावर टेकायचं आणि म्हणायचं, "शेलार डॉक्टरांनी धाडलंय."

मी मूळची उदगीरकडची. नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, म्हणून इथं आले आणि एका हार्डवेअरच्या दुकानावर जागा घेऊन मशीन थाटलं. स्वभाव जरा तिरकस आहे माझा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना फोनवर विचारलं, "डॉक्टर, मशीन मोजणारच आहे, मग तुम्ही आधी सांगता कशाला?"

"आधी बोललं पायजे, मॅडम. निकाल हातात आल्यावर सगळेच शहाणे."

आमची ओळख झाली ती ही अशी. ते आधी बोलायचे, मी मोजायचे. संध्याकाळी निकाल विचारायला पुन्हा फोन. बरोबर निघालं तर नुसतं "हं" करून ठेवून द्यायचे. चुकलं की मात्र त्यांना खरा रस यायचा. कडा नेमकी कुठं होती, माणूस अंगानं कसा होता, श्वास नीट घेत होता का, वरती आतड्यात वायू होता का. मला वाटायचं, हा माणूस चुकण्यासाठीच फोन करतो की काय. प्लीहा त्यांच्या हाताला सहसा चुकत नसे. यकृत बऱ्यापैकी जमे, पण एखाद-दोन बोटांचा फरक पडे. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र सरळ छापा-काटा होता, आणि तो त्यांना मान्य होता. "हाताला थोडंच कळतं," म्हणायचे. "बाकीचं आपण मनानं भरतो. मनानं किती भरलं ते तुमचं मशीन सांगतं."

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा दवाखाना बघायला गेले. घोटावड्याच्या रस्त्याला लागून पुढं दवाखाना, मागं घर. एक लोखंडी कॉट, एक स्टूल, कोपऱ्यात स्टोव्हवर गरम पाण्याचं पातेलं. डॉक्टर उंच, शिडशिडीत, सत्तरीला आलेले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि घड्याळ मनगटावर नाही, खिशात. नखं इतकी मुळापासून कापलेली की बोटांची टोकं उघडी वाटायची. प्रत्येक पेशंटच्या आधी ते गरम पाण्यात हात बुडवून पुसून घेत. "थंड हात लागला की पोट दार लावून घेतं," हे त्यांचं कारण.

पेशंटला गुडघे दुमडून झोपवायचे आणि म्हशीची चौकशी सुरू. म्हैस नसेल तर भाडेकरूंची. तो माणूस म्हशीच्या नाहीतर भाडेकरूच्या तक्रारी सांगण्यात रंगला की यांचा हात पोटावर. दुखतं त्या जागेपासून सगळ्यात लांब सुरुवात करायचे. मी बघतेय म्हटल्यावर समजावून सांगितलं, "सोयरीक घेऊन गेल्यावर पयल्या घोटालाच पोरीचं नाव काढतं का कुणी? आधी पाऊसपाणी बोलायचं. दुखऱ्या जागी शेवटी." आणि सगळा वेळ त्यांची नजर पोटाकडं नसायचीच. ती पेशंटच्या तोंडावर. हात खोल गेला आणि भुवई हलली, ओठ दुमडला, की हात तिथंच थांबायचा. "पोट लपवंल," म्हणायचे, "तोंड लपवत न्हाई."

मागच्या दारातून चहा घेऊन आल्या त्या त्यांच्या बायको, सुमनकाकू. अंगानं काटकुळ्या, बोलायला फटकळ. मूलबाळ नाही, दवाखाना हाच संसार. मला म्हणाल्या, "काय शिकवत्यात तुमाला? मला इचारा, माझं सगळं पाठ हाय. हितली भिंत पातळ हाय, जन्मभर ऐकतीय." मग हसत त्यांनी मला पाडव्याची गंमत सांगितली. दिवाळीच्या पाडव्याला त्या नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायच्या, ओवाळायच्या. त्यावर ओवाळणी म्हणून डॉक्टर त्यांना कॉटवर झोपवून पोट तपासायचे आणि म्हणायचे, जा, वर्षभराची हमी दिली. "बाकीच्या बायकांना साडी न्हाईतर डोरलं," काकू म्हणाल्या. "आमाला ही ओवाळणी. साडी बी देत्यात म्हना, पर ती मलाच आणाया लागती."

डॉक्टर शांतपणे चहा पीत होते. "वर्षात एकच पेशंट हाय," म्हणाले, "जी मला घाबरत न्हाई."

त्यांची एक चूक तर मुळशीभर गाजली. चांद्याच्या हौसाआजींना त्यांनी पाठवलं तेव्हा फोनवर आवाज पडलेला होता. "ओटीपोटात गाठ हाय. नारळायेवढी, गुळगुळीत. घरच्यांना कल्पना दिलीय मी." आजींबरोबर टेंपो भरून माणसं आली. मुलगे जिन्यात गप्प उभे, सुना डोळ्याला पदर लावून. मी आजींना झोपवलं, बघितलं आणि विचारलं, "आजी, लघवीला कधी गेला होता?"

"सकाळच्या पारी, घरनं निघताना. डॉक्टरकडं कुटं जायचं बाई? तितं समदी बापय मानसं बसल्याली."

त्यांना आत पाठवलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. पुन्हा झोपवलं तर नारळ गायब. मी फोन केला तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "इचारलं न्हाई मी. कसं इचारलं न्हाई?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते चांद्याला गेले आणि आजींच्या ओट्यावर, चार माणसांदेखत, चूक माझी आहे म्हणाले. आजी म्हणाल्या, "गाठ न्हाई ते ब्येस झालं, पर तुमच्यापायी थोरल्या सुनंनं पयल्यांदा माझे पाय चेपले. गाठ न्हाई हे आनखी येक-दोन दिस दडवायचं नव्हतं का?" ही गोष्ट डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगत. दवाखान्याचं छत गळत होतं ते तसंच राहिलं आणि मागच्या बाजूला बायकांसाठी संडास-बाथरूम आधी बांधून झालं. त्यानंतर कुठलीही बाई कॉटवर टेकली की पहिला प्रश्न ठरलेला, "जाऊन आला का?"

मधल्या वर्षांत आजूबाजूचं सगळं बदललं. भाताची खाचरं गेली, इमारती आल्या. जमिनी विकलेल्या घरांतली माणसं चालायची थांबली आणि सगळ्यांची पोटं सुटली. डॉक्टर फोनवर कुरकुरू लागले. "मॅडम, हाताला काय लागतच न्हाई. गादीवरनं पलंग चाचपल्यावानी झालंय." मलाही ते पटायचं, कारण माझ्या मशीनलाही चरबी आवडत नाही. पण मग हडकुळ्या माणसांच्या बाबतीतही त्यांचे अंदाज चुकायला लागले. ज्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा एका रखवालदाराची प्लीहा चांगली चार बोटं खाली उतरलेली होती आणि डॉक्टर म्हणाले होते, "काय न्हाई." मी निकाल सांगितला. त्यांनी नेहमीसारखे प्रश्न विचारले नाहीत.

कारण कळलं ते चहामुळं. एका दुपारी ते काही कामानं मारुंजीला आले होते, म्हणून वर डोकावले. माझ्याकडं चहा स्टीलच्या पेल्यात येतो. तो इतका कडकडीत होता की मी पदरानं धरला. डॉक्टरांनी उघड्या हातानं उचलला आणि धरून बोलत बसले. मी त्यांच्या बोटांकडं बघत राहिले. ती लाल होत चालली होती आणि ते पावसाबद्दल बोलत होते. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. तोंड बघायची सवय होतीच त्यांना. पेला हळूच खाली ठेवला.

"कळलं तुमाला," म्हणाले.

"साखर?"

"लई वर्सं. आधी पाय बधिर झाले. आता बोटं. चरबीचं नाव मी उगं पुढं करत व्हतो." मग म्हणाले, "सुमनला बोललो न्हाई आजून."

नवऱ्याच्या हातावरचे भाजल्याचे फोड बायकोला दिसत नाहीत असं त्यांना कसं वाटलं, कुणास ठाऊक. शहाणी माणसंसुद्धा घरात आंधळी असतात.

त्यानंतर फोन थांबले. पेशंट येत होते, पण आधी काही न बोलता. घोटावड्याचा एक म्हातारा माझ्याकडं बाकावर बसून म्हणाला, "डॉक्टर आता हात लावत न्हाईत. खुर्चीवरनंच इचारत्यात आन् चिठ्ठी देत्यात. आमचं काय चुकलं?" मी म्हटलं, वय झालं आता त्यांचं. मला मात्र त्या फोनची इतकी सवय झाली होती की कुणाच्याही पोटावर प्रोब ठेवताना, आधी कुणी काही बोललेलं नाही, याची चुटपुट लागायची.

शिमगा झाल्यावर एक दिवस ते स्वतः सुमनकाकूंना रिक्षानं घेऊन आले. काकू आधीच काटकुळ्या, त्यात निम्म्या झाल्या होत्या. अन्न जात नव्हतं. मी सवयीनं म्हटलं, "डॉक्टर, सांगा आधी."

"आज न्हाई," ते म्हणाले. "दिवाळीच्या पाडव्याला बघितलं व्हतं. काय नव्हतं तवा." आणि आत न येता बाहेरच्या बाकावर, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली, हात मांडीवर ठेवून बसले.

मी आत काकूंच्या पोटावर प्रोब फिरवू लागले. उजव्या कुशीत खाली आतड्याला मोठी गाठ होती आणि यकृतात ठिकठिकाणी डाग. मी मॉनिटरकडं बघत होते आणि काकू माझ्याकडं.

"घावलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "तुमचं बी तोंड वाचता येतं मला. भिंतीपल्याड बसून शिकलीय."

मी प्रोब बाजूला ठेवला. मग त्यांनीच आवाज खाली घेऊन सांगितलं. पाडव्याच्या आधीपासून त्या जागी दुखत होतं. हाताला काहीतरी कडक लागायचं. पाडव्याला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणं त्यांना कॉटवर झोपवलं. "कवापासनं कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता त्यांनी. पातेल्यात हात बुडवला, मग गालाला लावून बघितला. बोटांना कळंना झालंय ना ऊन का गार. मला सगळं ठाऊक हाय, बाई. भाजल्यालं मीच बघती." बरोबर त्या जागी त्यांचा हात आला आणि कळ उठली. "मी तोंड हलवलं न्हाई. शेजारणीच्या नातवाच्या बारशाचं बोलत ऱ्हायले. ते म्हनाले, काय न्हाई, झ्याक हाय, वर्षाची हमी. इतकं खूश झाले, मी म्हनलं, ती हमी कशी मोडू? आठ-पंधरा दिसांनी सांगू, दुसरीकडं दावू. मग ऱ्हाऊनच गेलं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. हा कसला वेडेपणा, असं मी म्हणालेसुद्धा.

"आसंल," काकू म्हणाल्या. "पर त्यांना सांगू नका. हात गेला हे त्यांना कळलंय. त्यापायी बायकू गेली हे कळू नये."

बाहेर येऊन मी डॉक्टरांना जे दिसलं ते सांगितलं. मोजमापं सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "पाडव्याला ही हाताला लागायला पायजे व्हती का?"

एवढी गाठ काही महिन्यांत उगवत नाही, आणि काकूंच्या पोटावर लपायला जागा नव्हती. चांगल्या हाताला ती लागली असती असं मला वाटत होतं, पण खात्रीनं कुणालाच सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "त्या दिवशीचं माप माझ्याकडं नाही, डॉक्टर. मी अंदाज करत नाही."

"बरुबर हाय," ते म्हणाले. "अंदाज मीच करतो." आणि काकूंना धरून जिना उतरायला लागले.

पुण्यात नेलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशनचा उपयोग नाही असं सांगितलं गेलं. काकूंनी घरी न्या म्हटलं. उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, येता का? मशीन न्हाई, तुमी." मशीन तसंही कायद्यानं सेंटरच्या खोलीबाहेर नेता येत नाही. मी रिकाम्या हातानं गेले.

काकूंना दवाखान्यातल्या त्याच लोखंडी कॉटवर ठेवलं होतं, खिडकी मोठी म्हणून. डॉक्टर शेजारी स्टुलावर. मला म्हणाले, "हात लावा. किती वाढलीय ते मला समजंना झालंय." मी म्हटलं, मला सवय राहिली नाही, मी प्रोबवाली. "मी दावतो," ते म्हणाले. पातेल्यातल्या पाण्यात माझे हात बुडवायला लावले. मग काकूंच्या पोटावर माझा हात ठेवून त्यावर आपला हात ठेवला. "टोकं रुतवू नका. बोटं सपाट. त्यांचा श्वास खाली येऊ द्या, तुमी मागनं जा." लांबून सुरुवात करून, वरच्या हातानं माझा हात सरकवत, ते मला उजव्या कुशीपर्यंत घेऊन गेले. आणि मला ती लागली. कच्च्या पेरूसारखी कडक, खडबडीत, जागची न हलणारी. इतकी वर्षं मी अशा गाठी पडद्यावर बघत आले, हाताखाली पहिल्यांदाच.

"काय लागतंय?"

मी सांगितलं. त्यांनी माझा हात आणखी खोल दाबला. तिथं दाबल्यावर कुणालाही कळ येईल, चांगल्या धडधाकट गड्यालाही. मी काकूंकडं पाहिलं. त्या छताकडं बघत म्हणाल्या, "मॅडम, पोरं कशी हायेत तुमची? शाळा सुरू झाली का?" भुवई हलली नाही. ओठ दुमडला नाही. पलीकडच्या हाताची मूठ मात्र गोधडीत आवळलेली होती.

डॉक्टरांची नजर त्यांच्या तोंडावरच होती. वरचा दाब हळूहळू सुटला. त्यांनी आपला हात उचलला, मग माझा हात उचलून बाजूला ठेवला.

"सुमन," ते म्हणाले. "पाडव्याला बी आसंच केलं व्हतंस?"

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.  मग म्हणाल्या, "त्या दिशी तुमचे हात लई ऊन व्हते."

डॉक्टर रडले नाहीत. पदर सरळ करून त्यांनी काकूंचं पोट झाकलं आणि वरून हात ठेवला, काही न शोधता, नुसता. मी दाराशी चपला घालत होते तेव्हा मागून म्हणाले, "मॅडम, इतकी वर्सं चुकीचं सांगत व्हतो मी लोकांना. तोंड बी लपवतं." एवढं बोलताना त्यांनी हात हलवला नाही.

काकू आषाढात गेल्या. दवाखान्याला कुलूप लागलं आणि घोटावड्याचे पेशंट आता पिरंगुटला जातात. माझ्याकडं ते कमीच येतात.

डॉक्टरांना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीत. मी गाडी घेऊन घोटावड्यातून चालले होते. पाडवाच होता, सकाळची वेळ, लोक नवे कपडे घालून हिंडत होते. ते दवाखान्याच्या बंद दारापुढं पायरीवर बसले होते. चहाचा पेला दोन्ही हातांत धरलेला. पीत नव्हते. थांबावं म्हणून मी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात त्यांनी पेला पायरीवर ठेवला आणि उजवा हात गालाला लावून बघितला, पुरेसा ऊन झाला की नाही ते. झाला असावा. हात खाली घेऊन ते मागं दाराकडं वळले, कुलपाकडं बघितलं, आणि मग तो हात कुठं ठेवावा हे न कळल्यासारखे तसेच बसून राहिले.